खाप्याच्या चढावरची जीप

मोठं इंजिन बसवलं की गाडीची ताकद वाढते, असं तुम्हीही मानता ना? मग ती ताकद चाकांपर्यंत कोण पोचवतं, हे कधी विचारलंत?

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी आमच्या सक्करदऱ्याच्या वस्तीत हे एकट्या मामाने विचारलं. मामा मोटारमिस्त्री. वस्तीच्या मंडळाकडे मिलिटरीच्या लिलावातली जुनी पेट्रोल जीप होती. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, सभेचे भोंगे वाहायचे आणि विजयादशमीला खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना दीक्षाभूमीवर आणायचं, ही तिची कामं. तिच्या दारावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘या गाडीत कोणालाही नकार नाही.’ वाक्य माझ्या वडिलांच्या पत्रकातलं. मी अशाच पत्रकांवर अक्षरं गिरवत वाढलो. जात कळताच बैलगाडीतून, मोटारीतून खाली उतरवलेली माणसं आमच्या घराघरात होती. त्यामुळे जीपमध्ये जागा नाही असं म्हणणं ही आमच्याकडे फितुरी समजली जाई.

जीप चढावर दमायची, म्हणून मंडळाने एका मोडक्या टेम्पोचं डिझेल इंजिन मिळवलं. मामा म्हणाला, इंजिनासोबत पुढचा-मागचा डिफरन्शियलही बदलावा लागेल. डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांच्या मधल्या लोखंडी पेटीतले दाते. इंजिनाचा जोर तेच चाकांना वाटून देतात. जुने दाते जुन्या इंजिनापुरते होते. दणकट जोडी जबलपूरच्या भंगारातून यायची होती, आणि विजयादशमी तोंडावर आली होती.

“पहिले इंजिन बसव गा,” मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. “खालचं कोणाले दिसते?”

“दिसत नाही म्हणूनच सांगून राहिलो. भरल्या गाडीत तुटन ते.”

“तू मिस्त्री हाय का ज्योतिषी गा?”

सगळे हसले. ज्योतिष-दैव सोडून बुद्धाकडे आलेल्या आमच्या वस्तीत याहून झोंबणारा टोमणा नव्हता. मामाने मान खाली घातली आणि पाना उचलला.

इंजिन लांब होतं. मामाने रेडिएटर पुढे सरकवला, इंजिन धरून ठेवणारे जुने माउंटिंग कापून नवे वेल्ड केले, तरी बॉनेट नीट बसेना. ते दोरीने बांधून घेतलं. इंजिन सुरू झाल्यावर पत्र्याच्या भिंती थरथरल्या आणि अध्यक्षांनी बॉनेटला हार घातला. शेवटी भाषण झालं. पेटीतल्या दात्यांबद्दल त्यात अर्थातच काही नव्हतं.

माझी आत्या खाप्याला राहायची. छपन्न साली तिने नवऱ्याचा हात धरून त्या मैदानावर दीक्षा घेतली होती. नवरा गेला, मग छातीचं दुखणं लागलं. बसच्या गर्दीत तिचा श्वास कोंडायचा, म्हणून कित्येक वर्षं तिला जाता आलं नव्हतं. एकदा तिथे उभं राहायचं, एवढंच ती मागत होती. यंदा जीप येणार म्हणून तिने पांढरं लुगडं धुऊन, घडी करून उशाखाली ठेवलं होतं.

विजयादशमीला मामा आणि मी सकाळीच खाप्याला पोचलो. आत्याला पुढे बसवलं. मागे माणसं चढत गेली : बोचकी घेतलेले बाप्ये, तान्हं घेतलेली बाई, एक आंधळा म्हातारा.

“आता बस करा बाप्पा,” मामा म्हणाला. “खालचं जुनंच हाय.”

“काहून? इंजिन तं टेम्पोचं बसवलं म्हणते न तुमी?” बाहेरून एकाने विचारलं आणि पायरीवर चढला.

“बसू दे गा त्याइले,” आत्या म्हणाली. “जागा होते.”

मामाने दारावरची निळी अक्षरं पाहिली आणि गिअर टाकला.

गावाबाहेरच्या चढावर कुणी दाताखाली खडे चावावेत तसा आवाज आला. इंजिन गरजत होतं, चाकं मात्र जागच्या जागी. मामाने मागच्या चाकांकडे जोर नेणारी शाफ्ट सोडली आणि पुढच्या चाकांवर गाडी ओढायला घेतली. चढ संपायच्या आत पुढचे दातेही गेले. मामाने पेटी उघडली, तर तुकडे तेलासकट त्याच्या तळहातावर आले.

माणसं पायी निघाली, काहींना ट्रकनी उचललं. बस भरभरून गेल्या, एकही थांबली नाही. आत्या चार पावलं चालली आणि पुलाच्या कठड्यावर बसली. उन्हं उतरल्यावर आम्ही तिला एका बैलगाडीतून परत घरी नेलं.

“तिथं आता दिवे लागले असन,” ती वाटेत म्हणाली. एवढंच.

हिवाळ्यात ती गेली. तोवर जबलपूरची जोडी येऊन बसली होती. तिच्या मातीहून परतताना तोच चढ जीप सहज चढली. आत मामा, वडील आणि मी, तिघंच होतो. मागची बाकं रिकामी खडखडत होती.

मी आजही म्हणतो, त्या दारावरचं वाक्य खरं होतं. ते पाळायला लागणारं लोखंड ज्यांनी पुढच्या महिन्यावर ढकललं, त्यांना मी माफ केलेलं नाही.

तुमच्या घरी असं एखादं म्हातारं माणूस असेल आणि त्याला त्या मैदानावर एकदा उभं राहायचं असेल, तर विजयादशमीची वाट पाहू नका. येत्या रविवारी, रिकाम्या एस्टीत खिडकीची जागा धरून, त्याला घेऊन जा.