पहिली प्लेट

तपासल्याशिवाय काहीही पुढे जाऊ द्यायचं नाही, हा नियम माझ्या मोठ्या साडूंइतका मनावर घेतलेला माणूस भोसरीपासून चाकणपर्यंत दुसरा सापडायचा नाही. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं क्वालिटीत काढली. शिफ्ट सुरू झाली की मशीनवरून निघालेला पहिला नग त्यांच्या टेबलावर यायचा. ते तो मोजायचे, उलटसुलट करून बघायचे आणि ‘ओके’ म्हणाले की मगच पुढचं काम चालू. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, पण नियम काही निवृत्त झाला नाही. शिंप्याने शर्ट आधी एकच शिवायचा. मुलीच्या लग्नात त्यांनी आधी एकच पत्रिका छापून घेतली आणि तीन दिवस उशाशी ठेवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. घरच्या स्वयंपाकात मात्र अलीकडे ते काही खोट काढत नसत. वाढलं ते मुकाट्याने जेवत. ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, सगळ्यांना सांगत सुटली होती की माणूस उशिरा का होईना, सुधारला.

महिन्यातून एका शनिवारी दुपारी आम्ही चौघं वाकडच्या एका हॉटेलात जातो. बर्गर, पास्ता, पिझ्झा, एका बाजूला बार, उंच स्टुलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर कायम कुणीतरी फुटबॉल खेळतंय, असं ते ठिकाण. तिथेही भाऊंची पद्धत तीच. आधी एकच प्लेट मागवायची आणि ती त्यांच्यापुढे ठेवायची. मग खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी निघते. बर्गरची उंची बघून होते. बिअरचा फेस दोन बोटांपेक्षा जास्त असला तर “हवा विकतायत राव” असा शेरा मिळतो. एकदा त्यांनी तळलेले बटाटे परत पाठवले, तर खुद्द आचारी बाहेर येऊन एका बाजूने कच्चे असल्याचं कबूल करून गेला. सगळ्यात शेवटी डोळे मिटून एक घास. तो पास झाला की, “ओके. चालू करा.” मग त्याच पदार्थाच्या आणखी तीन प्लेटा येतात. त्याच पदार्थाच्या, कारण “पार्ट बदलला की नवा फर्स्ट पीस लागतो.” माझ्या बायकोला पिझ्झा खायचा असला, तरी त्या दिवशी पास्ता पास झाला असेल तर ती पास्ताच खाते. लातूरकडचा एक मिशीवाला वेटर आहे. त्याला सुरुवातीला हे वेड वाटलं. आता तो स्वतःच आत ओरडतो, “फर्स्ट पीस घ्या वो, काका आलेत,” आणि निकाल लागेपर्यंत बाजूला उभा राहतो.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी पांढऱ्या सॉसचा पास्ता आला. भाऊंनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून घास घेतला, सावकाश चावला आणि ओके दिला. आमच्या तीन प्लेटा आल्या. मी पहिला घास तोंडात घातला आणि तो तिथेच थांबला. पास्ता चक्क गोड होता, बासुंदीसारखा. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. पण भाऊंनी पास केलेलं परत पाठवायचं कसं? आम्ही तिघं खाली मान घालून खात राहिलो. भाऊंची प्लेट पुसल्यासारखी स्वच्छ झाली. तेवढ्यात मिशीवाला धावत आला. “माफ करा काका, मिठाच्या जागी साखर पडली बगा. समद्या टेबलांवरून परत आलंय, तुमच्याकडूनच नाही आलं.”

भाऊंनी आपल्या रिकाम्या प्लेटकडे पाहिलं, मग आमच्या अर्ध्या प्लेटांकडे. ताई घाईने म्हणाली, “मला तर आवडलं हो.” त्यांनी पट्टी खिशात ठेवली आणि ते हात धुवायला गेले.

पार्किंगमध्ये गाडी काढताना ते मला एकट्याला म्हणाले, “उन्हाळ्यात ताप आला होता ना, तेव्हा चव गेली. ती आलीच नाही.”

“मग सांगायचं नाही का भाऊ?”

“सांगितलं असतं तर पहिली प्लेट माझ्यापुढे ठेवली असती कुणी?” त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला. “बिघडलेल्या गेजने मापं घेतली म्हणून मी कंपनीत पोरांना किती झापलंय. त्याला लाल स्टिकर लावून कपाटात ठेवायचं असतं राव.”

पुढच्या महिन्यात येणार नाही म्हणत होते. ताईने ओढून आणलं. वेटरने सवयीने पहिली प्लेट त्यांच्यापुढे ठेवली, बर्गरची. भाऊंनी पट्टी काढली, उंची बघितली, पाव दाबून बघितला. मग प्लेट माझ्याकडे सरकवली. “कंपनीत फर्स्ट पीसच्या कागदावर दोन सह्या लागतात,” ते वेटरला म्हणाले, “एक यांची.”

मी घास घेतला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

“मीठ?”

“बरोबर आहे.”

“चीज कसं लागतंय?”

चीज कसं लागतं हे सांगायची वेळ माझ्यावर आयुष्यात आली नव्हती. थोडं खारट, थोडं आंबूस, गरम आहे, दाताला चिकटतंय, असं सुचेल ते मी सांगत राहिलो. भाऊंनी डोळे मिटले होते, आणि माझं बोलणं ऐकता ऐकता त्यांचा जबडा सावकाश हलत होता.