आगाशे सरांच्या सिद्धतेतली चूक

लोणावळ्याचे प्राध्यापक चिंतामणी आगाशे मुंबईच्या एका संस्थेत शिकवत. तिथले विद्यार्थी त्यांच्यापुढे चळचळा कापत. आगाशे मात्र कुणाला भीत नसत. त्यांचा विषय शेजाऱ्यांना शेवटपर्यंत कळला नाही. गणकयंत्राला हातही न लावता, नुसत्या कागद-पेन्सिलीवर, कुठलं यंत्र काम संपवून थांबेल आणि कुठलं जन्मभर फिरत राहील, हे ते शोधत. "आणि याचा पगारही देतात," असं त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई म्हणत. १९६२ साली एका जातीच्या यंत्रांबद्दलचा त्यांचा सिद्धान्त परदेशात छापून आला आणि आगाशे मोठे झाले.

रविवारी ते बाजाच्या पेट्या दुरुस्त करत. भजनी मंडळांच्या, तेही फुकट. गावोगावच्या पेट्या त्यांच्या पडवीत येऊन पडत. भात्याशी आणि सुरांशी ते जेवढ्या मायेने वागत, तेवढं विद्यार्थ्यांशी वागले असते, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

१९७०च्या श्रावणात बेडसे गावची पेटी आली. एकेक पट्टी वाजवली, ठणठणीत. दोन एकदम दाबल्या की तिसराच सूर कण्हायला लागे आणि थांबेना. आगाश्यांचा हात पट्ट्यांवरच राहिला. आठ वर्षांपूर्वीच्या त्या सिद्धान्तात त्यांनी लिहिलं होतं: दोन यंत्रं एकेकटी थांबत असतील तर जोडल्यावरही थांबतील, हे उघडच आहे. सिद्ध केलंच नव्हतं. तीन दिवस कागद काळे केले. उघड तर नव्हतंच, खरंही नव्हतं.

मग भीतीने त्यांना गाठलं. घास गिळेना. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली तरी छातीत धस्स व्हायचं. नाव जाणार, हे एक. पण त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या हनुमंतचा अख्खा प्रबंध त्या एका वाक्यावर उभा होता. बेडशाच्या मजुराचा मुलगा, चार वर्षं राबलेला. येत्या सोमवारी प्रबंध द्यायचा आणि पदवीवर नोकरी ठरलेली. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? आणि पुढे कधी कळलंच, तर त्या मुलाने कुठे तोंड लपवायचं?

रविवारी सकाळी पेटी न्यायला हनुमंतचा बाप गेणू आला.

"मास्तर, उद्या हणमाची वही द्यायची म्हनं. तुमी व्हता म्हनून पोर हितवर आलं. पन लय वाळलंय. जेवत न्हाई, नुसतं भिताडाकडं बघत बसतंय."

समोरचा चहा तसाच टाकून आगाशे गेणूबरोबर निघाले. कामशेतपर्यंत एस.टी., पुढे चिखलातून पायी, पेटी गेणूच्या डोक्यावर. वाटभर ते मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही टिकत नव्हतं.

हनुमंत ओसरीवर होता. सरांना पाहून ताडकन उठला.

"हनुमंत, आपल्या सिद्धतेत चूक आहे," आगाश्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "माझी आहे. उद्या प्रबंध देता येणार नाही."

हनुमंत घरात गेला आणि ट्रंकेतून एक कागद घेऊन आला. तो त्याने दोन्ही हातांनी समोर धरला. दोन यंत्रं, एकमेकांना जोडलेली, कधीच न थांबणारी. वर तारीख फेब्रुवारीची.

"तुला सहा महिने माहीत होतं?"

"व्हय, सर."

"मग बोलला का नाहीस?"

मुंबईत कमावलेली हनुमंतची शुद्ध भाषा पार सुटली होती. "माधवरावांनी तुमची चूक दावली, तवा तुमी त्यांचा कागद समद्यांम्होरं फाडलात. ते परत कुटं दिसलं न्हाईत. मला भ्या वाटलं."

माधवराव कोण, हे आठवायलाही आगाश्यांना वेळ लागला. त्या जुन्या विद्यार्थ्याचं म्हणणं बरोबर होतं का, हे त्यांनी तेव्हा पाहिलंसुद्धा नव्हतं. आठवडाभर आपण एकटेच भितोय असं ते समजत होते. हे पोर सहा महिने भीत होतं, आणि तेही खुद्द त्यांनाच.

"तुझं बरोबर आहे," ते शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले. "यातूनच नवा प्रबंध होईल, तुझ्या नावाचा. नोकरीसाठी मी स्वतः जाऊन बोलतो. आण, नीट बघू दे."

त्यांनी कागदासाठी हात पुढे केला.

हनुमंत कागद छातीशी धरून एक पाऊल मागे सरला.