पाय नसलेली तसबीर

थोरल्या भावाची तसबीर मी काढली ती तो गेल्यावर. एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. जिवंत माणसाचं चित्र काढलं की त्याचं आयुष्य घटतं, हे आमच्या बारामतीच्या घरात वेदवाक्य. म्हणून त्याचा फोटोही नव्हता. कालव्याच्या पाण्यावर ऊस भिजवता भिजवता तो हिवतापानं गेला, तेव्हा मी इंदापूरच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. आईनं निरोप धाडला की मुंबईला जाऊन शिकलास ना, मग वैनीला नवरा भिंतीवर तरी दिसू दे.

मी जीव ओतला. मांजरपाटाच्या जाड कापडावर सफेद्याचा पांढरा थर चढवला, आधी अंधाराचे भाग भरले आणि त्यातून चेहरा उजेडात ओढत आणला. डोळे अगदी शेवटी. चित्र म्हणजे बघणं, हात नुसता हमाल, असं मी वर्गात छाती काढून सांगत असे. भाऊ हुबेहूब उतरला. आईनं हंबरडा फोडला, वडील उठून अंगणात गेले.

वैनी मात्र पदर ओढून खाली बघत उभी होती. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडं मान वर करून बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती तिनं तसबिरीपुढंही पाळली. माणसं पांगल्यावर ती जवळ आली.

"भावजी, पाय न्हाय काढलं?"

तसबीर छातीपर्यंतच असते, असं मी सांगितलं.

"तोंड तुमी बघितलंसा. मी वाढताना, पाणी ठिवताना पायच बघितलं. मला त्येच ठावं हाईत."

मी कागद आणि कोळसा घेऊन बसलो आणि बसूनच राहिलो. इंदापूरला निघताना दर खेपेला मी त्या पायांवर डोकं ठेवलं होतं, पण ते मला आठवेनात. माझी सगळी घमेंड तिथं जिरली. वैनी सांगत गेली, डाव्या अंगठ्याचं नख काळं, टाचेला भेग. मी काढत गेलो, ती नाही म्हणून मान हलवत गेली. पुढं दर सुट्टीला जाऊन काढले आणि दर खेपेला कुणा परक्याचेच पाय निघाले. मी रडकुंडीला यायचो, पण हात थांबेना.

शेवटी एका दिवाळीत तिनंच कागद बाजूला सारला.

"ऱ्हाऊ द्या आता. तुमचं ह्ये पाय बघून बघून त्यांचं मलाबी आठवंनात."