आठ चाकांचे सुभेदारमामा

जीप सुरू करण्याआधी सुभेदारमामा रोज रस्त्यावर आडवे व्हायचे. धुतलेल्या शर्टाची पर्वा न करता गाडीखाली डोकं घालायचे, उठून पाठ झटकायचे आणि म्हणायचे, "बुचं हायत." जीपला तळाशी बुचं नव्हतीच. ती होती मामांनी फौजेत चालवलेल्या आठ चाकांच्या चिलखती गाडीला. ती नदी पोहून जायची, आणि पाण्यात घालण्याआधी तळाची बुचं चालकानं स्वतः बघायची, असा नियम होता. मामांची फौज सुटली, नियम सुटला नाही.

शिरूर अनंतपाळहून लातूरला क्लासला जाणारी आम्ही मुलं त्यांच्या काळ्या-पिवळ्या जीपनं ये-जा करायचो. लातुरात खोली करून राहणारे पुष्कळ होते, पण भूकंपानंतर माझ्या आईचा कुठल्याच माडीवर भरवसा उरला नव्हता. मामांचं दगडमातीचं घर त्याच भूकंपात बसलं; घरची माणसं अंगणात झोपली होती म्हणून वाचली. पुढे ते पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे आणि दुपारची झोप जीपमध्ये काढायचे. "घर हाललं की भ्या वाटतंय," म्हणायचे. "गाडी हालायसाठीच असती."

जीपचा परवाना नऊ जणांचा आणि आम्ही बसायचो चौदा. हा हिशेब मी एकदा त्यांना ऐकवला. "त्या गाडीत मागं पुरी टोळी बसायची, हत्यारासकट," मामा म्हणाले. "अन् तू दप्तर घिऊन कुरकुर करलालास?"

वाटेत त्या गाडीचं कौतुक चालायचं. गोळी लागून एखादं चाक फुटलं तरी बाकीच्या चाकांवर ती पळते. चालकाला बसल्या जागेवरून चाकांची हवा कमी-जास्त करता येते, म्हणून वाळूत रुतत नाही. वर बुरुजात मोठी मशिनगन, मागे पाण्यात ढकलणारे पंखे.

"मग रणगाडाच की, मामा!" कुणीतरी मुद्दाम म्हणायचं.

"रणगाडा सोतासाठी लढतो," मामा उसळायचे. "ही मागं बसलेल्यांसाठी लढती. जवानाला जिथवर नेता येतंय तिथवर न्यायचं, दार उघडायचं, अन् ते पुढं सरकस्तोर वरनं फायरिंग द्यायची. दारच उघडलं न्हाई तर आठ चाकं काय चाटायचीत?"

त्यामुळे आम्हाला उतरण्याची कवायत होती. मामा "भाईर!" म्हणून ओरडले की दाराजवळचे आधी उतरणार, उजवे उजवीकडे, डावे डावीकडे, आणि शेवटच्यानं बाकावर काही राहिलं का ते बघायचं. क्लाससमोरचा पानवाला विचारायचा, "सुभेदार, दुश्मन कुठाय?"

"गणिताच्या पेपरात!"

अकरावीच्या जुलैत एका मोठ्या क्लासच्या खास तुकडीची निवड परीक्षा होती. वर्षातून एकदाच, आणि ठरल्या वेळेला दार बंद. नेमकं त्या दिवशी वाटेतल्या ओढ्याचं पाणी फरशी पुलावरून धो-धो वाहत होतं. जीप थांबली. सुनंदा आमच्यात सगळ्यांत हुशार. ती म्हणाली, "मामा, घाला की पाण्यात! बुचं हायत म्हणलाव की!"

ती थट्टा करत नव्हती. रोज ऐकून ऐकून या जीपला पोहता येतं, अशी आम्हा सगळ्यांचीच समजूत झाली होती.

मामांचा चेहरा उतरला. "बाय, ती माझी सवय हाय. हिच्या तळातनं रस्ता दिसतोय. ही न्हाई पवायची."

मग त्यांनी पलीकडे पाहिलं. लातूरहून आलेली एक जीप तिकडे तशीच अडकली होती, गच्च भरलेली. वरच्या अंगाला ओढा अडवणारा पाझर तलावाचा बांध होता, जीपला अरुंद, पण पायी जाण्याजोगा आणि कोरडा. मामा तोंडाशी हात नेऊन ओरडले, "ओ पाव्हणं! तुमची माणसं मला द्या, माझी तुमी न्या! चौदा बसतेत का?"

"बसतेत की!" पलीकडून उत्तर आलं. "हितं सोळा हायत!"

"भाईर!"

त्या दिवशी कुणी हसलं नाही. बघता बघता जीप रिकामी झाली. बांधावरून इकडून आम्ही निघालो. तिकडून गठुडी आणि कोंबड्या घेतलेली बाजारची माणसं.

"कुठं पळलालाव रं?" एका म्हातारीनं विचारलं.

"लढाईला, आजी!" सुनंदा ओरडली.

मी वळून पाहिलं. मामा जीपच्या टपावर उभे राहून आम्हाला अस्सल फौजी शिव्या घालत होते. "बघलालाव काय, गाढवांनो! पळा!" पलीकडच्या जीपचं दार लागेपर्यंत त्यांची फायरिंग थांबली नाही.

क्लासचं दार बंद होता होता आम्ही पोचलो. चौदांतले सहा निवडले गेले. सुनंदा पहिली, मी सहावा. त्या सहाव्या जागेवरच पुढे माझं इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, नांदेडात घर झालं.

मागच्या हिवाळ्यात नांदेडला फौजेच्या वाहनांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मामांना घेऊन आलो. आठ चाकांची नवी लढाऊ गाडी उभी होती. तिची तोफ, अंधारात बघणारी दुर्बीण, सुरुंगाचा धक्का सोसणारा तळ, असं सगळं एक जवान समजावून सांगत होता. मामा आधी वाकून तिच्या तळाकडे बघून आले आणि काठी टेकत थेट मागे गेले. मागचं दार फळीसारखं खाली आलं.

"मी कदी मागं बसलोच न्हाई," ते म्हणाले. "कायम पुढं."

जवानानं हात दिला. मामा आतल्या बाकावर बसले, काठी बंदुकीसारखी गुडघ्यांत धरून. बसले ते उठेनातच. बाहेर रांग वाढायला लागली. शेवटी मी सगळा जोर लावून ओरडलो, "भाईर!"

मामा ताडकन उठले. बाकावर काही राहिलं का ते वळून पाहिलं आणि फळीवरून बरोबर उजवीकडे उतरले. मग डोळे पुसत माझ्यावरच डाफरले, "नुसतं भाईर म्हणून भागतंय व्हय रं? शिव्या कोण देणार, तुझा बाप?"