सीमाचं ताट

काष्टीच्या पोपट टेलरच्या घरात देव्हारा नव्हता. नवराबायको दोघंही पक्के नास्तिक. लेकीची, सीमाची, जिवलग मैत्रीण स्नेहल दर नवरात्रात तिला कुमारिका म्हणून जेवायला बोलवायला यायची. पोपट तिला दारातूनच परतवायचा. "माझी पोर काय देवी हाय व्हय, पाय धुवून पुजायला?"

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात स्नेहल काविळीनं गेली. वर्ष सरल्यावर नवरात्रात तिची आई, छबूबाई, स्वतः बोलवायला आली. सीमाचं बोट धरून पोपट स्वतःच निघाला.

छबूबाईनं सीमाचे पाय धुतले, पुसले, पण ती ते हातातून सोडेना.

"आमची स्नेहल दर वर्षी तिच्या शेजारी तुझं ताट वाढायला लावायची. कुनालाच बसू द्यायची न्हाई तिथं."

आज सीमाच्या शेजारीही एक ताट वाढलेलं होतं. पोपट उंबऱ्याबाहेरून त्या रिकाम्या पाटाकडं बघत राहिला.