आमच्या मेव्हण्यांचा झुबका

केवळ डोक्यावरच्या केसांच्या जोरावर दुसऱ्याचे रविवार खाऊन टाकणारा माणूस साऱ्या माळव्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघावा, हे माझं नशीब. दादा बँकेतून रिटायर झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण केस मात्र नारळाच्या काथ्यासारखे दाट आणि हट्टी. त्यात कंगवे मोडतात. हेल्मेट घ्यायला गेले तर दुकानदाराने सगळ्यात मोठं काढून दिलं आणि तेही डोक्यावर टोपलीसारखं तरंगत राहिलं. शिवाय डोक्यावर दोन भोवरे. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात म्हणे. वहिनी म्हणतात, त्यांचं दुसरं लग्न केसांशीच झालंय. त्या दोन भोवऱ्यांच्या भांडणात मध्ये केसांचा एक झुबका कायम ताठ उभा असायचा. माझ्या डोक्यावर तिशीतच पीक संपलेलं, आणि तरीही कटिंगला जाताना सल्लागार म्हणून त्यांना मीच लागायचो. "तुमचा यात काही स्वार्थ नाही ना जावईबापू," ते म्हणायचे, "मला निष्पक्ष राय पाहिजे."

ही निष्पक्ष राय द्यायला मी दर दोन-तीन आठवड्यांनी टावर चौकातल्या सलूनमध्ये जाऊन बसायचो. दादा आधी भिंतीवरचे सगळे फोटो नीट बघणार, जवळ जाऊन, मग लांब उभं राहून. "हा बाजूने बारीक केलेला कसा वाटून राहिला?" मी म्हणायचो, चांगला आहे. "पण दाट केसांना चालत नाही. चार दिवसांत कानावर छत्री उघडते." मग विचारलं कशाला, हा प्रश्न मी गिळायचो. एवढं सगळं होऊन कट तोच, गेली कित्येक वर्षं चालत आलेला. खुर्चीत बसले की सूचना सुरू. पाणी मारायचं नाही, कारण ओले केस खोटं बोलतात, सुकल्यावर खरी लांबी कळते. मशीन लावायचं नाही. विरळ करायची दातेरी कात्री फक्त कानांच्या वर, तीसुद्धा हलक्या हाताने. आणि शेवटी आवाज चढवून माळवी हिंदीत, "भिया, बीचवाला झुबका मत छेड़ना!" कारागीर बिचारा दर वेळी विनवायचा, "बाबूजी, थोड़ा-सा दबा दूँ? मेरी दुकान की इज्जत का सवाल है." दादा नकारार्थी मान हलवायचे आणि हललेल्या मानेमुळे कात्री चुकायची. मग पुन्हा दोन्ही बाजू बरोबर करणं आलं. तेवढ्या वेळात माझा पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचून व्हायचा.

हा सारा खटाटोप एकाच परीक्षकासाठी होता, आणि तो परीक्षक म्हणजे दादांच्या नानाखेड्याच्या घरात पलंगावर बसलेल्या माझ्या सासूबाई. त्यांची नजर गेली होती. पुढे पुढे आठवणही सैल झाली. आवाज ओळखीचा वाटला तरी माणूस पटेना, दादांना कधी आपला भाऊ समजायच्या, कधी दूधवाला. पण लहानपणी ज्या डोक्याला त्यांनी रोज तेल चोपडलं, ते त्यांचा हात विसरला नव्हता. दादा समोर वाकायचे, आईची बोटं केसांतून चालत चालत त्या झुबक्यापाशी थांबायची आणि चेहरा उजळायचा. "बाळ, आलास का रे?" मगच त्या दादांच्या हातून जेवायच्या. दुसऱ्या कोणाच्या हातचा घास त्यांना चालत नसे. माझ्या डोक्यावर हात पडला की मात्र शोधाशोध नाही, तत्काळ "जावई!" दादांना याचा हेवा वाटायचा. "तुमचं बरं आहे," ते म्हणायचे, "काही मेंटेनन्सच नाही."

घोटाळा झाला तो दादांच्या लेकीच्या साखरपुड्याला. लेक म्हणाली, "बाबा, फोटोत तो झुबका नको, प्लीज." सलूनवाल्याला वर्षानुवर्षं दाद न देणारा माणूस लेकीपुढे एका दिवसात विरघळला. बाजूंनी मशीन फिरलं, वरचं रान विरळ झालं, झुबका गेला. खरं सांगतो, दादा देखणे दिसत होते. पाहुणे कौतुक करून थकले. संध्याकाळी दादा ताट घेऊन आईसमोर वाकले. बोटं पुढे गेली, मागे आली, पुन्हा गेली. "कोण तुम्ही?" त्या म्हणाल्या. "आई, मीच." "आवाज तर हुबेहूब काढता. आमच्या बाळाला बोलवा." आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

पुढचे दिवस आम्हा सगळ्यांची परीक्षा पाहणारे होते. वहिनी कशाबशा चार घास भरवायच्या, आणि प्रत्येक घासाला सासूबाई विचारायच्या, "बाळ कुठे गेलाय?" तो बाळ दाराशी उभा असायचा. दादा रोज तेल लावून ते खुंट वर ओढायचे. मला फोटो पाठवायचे, वाढले का म्हणून. मी वैतागून म्हणालो, "दादा, केस आहेत ते, मेथी नाही पेरलेली, रोज काय उकरून बघता?" एके दिवशी तर त्यांनी गणपतीतल्या नाटकाचा टोप पैदा केला आणि तो घालून आईसमोर वाकले. सासूबाईंनी चाचपलं आणि वहिनींना हाक मारली, "अगं, नाटकवाले आलेत. चहा दे आणि वाटेला लावून दे." आम्ही हसलो. दादाही हसले, आणि टोप काढून पुन्हा खुंटांना तेल लावायला बसले. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

अखेर एका संध्याकाळी बोटं थांबली. झुबका जेमतेम उभा राहिला होता. "किती दिवसांनी आलास रे," सासूबाई म्हणाल्या. दादांनी काही समजावलं नाही. "गावाला गेलो होतो, आई," एवढंच म्हणाले आणि दहीभात कालवायला घेतला. ताट रिकामं झालं. त्याच रात्री त्यांचा मला फोन आला, आणि पहिल्यांदाच ते केसांऐवजी दहीभाताबद्दल बोलले.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. दहाव्याला राम घाटावर दादा क्षौराला बसले. मी सवयीने वाट बघत होतो की आता म्हणतील, पाणी मारू नको, मध्ये हात लावू नको. त्यांनी नुसती मान पुढे केली. पायरीवर केसांचा ढीग पडला. उठून त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता आईने चाचपलं असतं तर म्हणाली असती, जावई आले." मी नदीकडे तोंड करून रडलो.

केस पुन्हा आले, तितकेच दाट. पण दादांचा फोन येईना. माझे रविवार मोकळे झाले, आणि हेच मी इतकी वर्षं देवाकडे मागत होतो, तरी पेपर हातात धरून बसवेना. परवाच्या रविवारी नानाखेड्याला गेलो, तर दोन्ही कानांवर छत्र्या उघडलेल्या, मानेवर रान. मी त्यांना चार शब्द सुनावले, स्कूटरवर बसवलं आणि टावर चौकात आणलं. कारागिराने विचारलं, "बाबूजी, कैसे करना है?" दादा म्हणाले, "कैसा भी कर दे." कारागिराने मशीन उचललं, आणि माझं डोकंच फिरलं. "मशीन नहीं!" मी ओरडलो. "पानी भी नहीं. दातेवाली कैंची सिर्फ कान के ऊपर. और भिया, बीचवाला झुबका मत छेड़ना!" सलूनमधले सगळे माझ्या टकलाकडे बघायला लागले. दादा आरशातून माझ्याकडे बघत होते.

कटिंग झाली, अंगावरचं कापड निघालं. ते खुर्चीतून उठेनात. "कसा झालाय?" त्यांनी हळूच विचारलं. मी डोळे मिटले आणि त्यांच्या केसांत हात घातला. बोटं चालत चालत झुबक्यापाशी आली.

"हो," मी म्हणालो. "तुम्हीच आहात."