पास्कल दुपारी कुठे असतो

आग्नेस दुपारी फोन बंद ठेवते, हे पास्कलच्या ध्यानात आलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला.

फोन बंद ठेवायचे ते दिवस नव्हते. होळी गावातल्या वाड्यांमागचं बावखल बुजवायचं घाटत होतं. बावखल म्हणजे वाडीच्या पोटातलं गोड्या पाण्याचं तळं. आजूबाजूची केळी, पालेभाजी, फुलझाडं त्याच्यावर जगतात, घरांच्या विहिरींना त्याच्या भरवशावर पाणी राहतं. शेजारची जमीन एका बिल्डरने घेतली होती. त्याचं म्हणणं, हे बावखल नाहीच, कोरडा खड्डा आहे, डास होतात, भरून टाकू. खरं काय ते बघायला पुढच्या सोमवारी सरकारी साहेब येणार होते. त्यांनी पाणी आहे असं लिहिलं तर बावखल राहील. खड्डा लिहिला की डंपर उभेच होते.

अशा वेळी बावखल वाचवायला काढलेल्या समितीची अध्यक्ष जेवण झाल्यावर फोन बंद करून जाते कुठे?

पास्कल गवंडी. गुडघ्यांनी थापी सोडायला लावली, पण गावातल्या बऱ्याच कंपाउंडच्या भिंती त्याच्या हातच्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही पोट आलेलं नाही. माणूस जोखायची त्याची रीत सोपी होती. घाम येतो का ते बघायचं. ज्याला घाम येत नाही तो एक तर आजारी असतो, नाहीतर कसला तरी बेत करत असतो. चळवळीत तो आला तोही असाच. टँकरवाले विहिरी उपसत होते तेव्हा रस्त्यावर आडवे पडले त्यांत तो होता. भाषण त्याने कधी केलं नाही. बांबू रोवायचे, फलक ताणून बांधायचे, पोलिसांच्या गाडीत सगळ्यांच्या आधी चढून बसायचं, ही त्याची कामं. आग्नेस बोलायची, पास्कल बांधायचा. ती शाळेत बाई होती. शाळेतून उरलेलं सगळं आयुष्य तिने मोर्च्यांत घातलं. तिचा आवाज बसलेला पास्कलने खूपदा ऐकला होता. ती स्वतः गप्प बसलेली कधी पाहिली नव्हती.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला हरेश्वरच्या ओटीवर बैठक झाली. हरेश्वरची फुलांची वाडी बावखलाला लागून, म्हणून बैठका तिथेच. मोर्चा कुठून निघायचा एवढंच ठरायचं होतं. आग्नेस म्हणाली, “या वेळी मोर्चा नको.”

हरेश्वरने चहाचा कप खाली ठेवला. “नको म्हनजे?”

“म्हनजे नको. साहेब येतील, खाली उतरतील, पानी बघतील. आपन बाजूला उभे राहू.”

“आपन गप्प, आनि ते बघनार? त्यांना डोळे आहेत होय?”

“आपल्याला आहेत काय ते आधी बघते. मला अजून विचार करायचाय. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की बोलू.”

“विचार पावसाळ्यात कर, बाय,” हरेश्वर म्हणाला. “तेव्हा वाडीत काम नसतं.”

सगळे हसले. पास्कल हसला नाही. बिल्डरला काय हवं असणार? यांचा आवाज बंद. आणि आवाज बंद करा असं कोण सांगतंय? मांडवली अशीच होते, चहा पिता पिता. टँकरसमोर आडवा पडलेला एक जण पुढे स्वतःच्याच दारात टँकर उभा करू लागला, हे पास्कलने बघितलेलं होतं. तोही आधी असाच म्हणायचा, जरा विचार करू.

घरी बायको, अँजेलिना, मांदेली साफ करत होती. पास्कलने तिला सांगितलं.

“वय झालं तिचं,” ती म्हणाली. “झोपत असेल दुपारची.”

“फोन बंद करून?”

“तू झोपलास की मी तुझा फोन बंदच करते. निम्मी भांडनं तिथेच वाचतात.”

“तुला कळत नाही यातलं.”

“तुला कळतं ना, मग जा बघून ये. घरात बसून मासे नासवू नकोस.”

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली आणि आग्नेस काखेत एक पाट मारून घरातून निघाली. पास्कल अंतर ठेवून मागे. आपला फोन वाजू नये म्हणून त्याने तोही बंद केला. ती बाजाराकडे वळली नाही, रिक्षाला हात केला नाही. वाडीतून सरळ बावखलावर गेली. जुन्या रहाटाचा दगडी चौथरा आहे, त्याच्याजवळ पाट टाकला आणि पाण्याकडे तोंड करून बसली.

पास्कल केळीत उकिडवा बसला. कोण येतं ते बघायचं होतं.

कोणी आलं नाही. आग्नेसने जपमाळ काढली नाही, पुस्तक काढलं नाही. नुसती बसून राहिली. पास्कलला असं बसणं ठाऊक नव्हतं. गुडघे ठणकायला लागले, मुंग्या लेंग्यात शिरल्या, खोकला आला तो त्याने पंच्यात दाबला. एवढ्या वेळात भिंतीचा एक थर चढला असता. ती उठून गेली तेव्हा त्याला वाटलं, आज माणूस आला नाही, उद्या येईल.

दुसऱ्या दुपारी माणूस आला. मोटरसायकल बांधावर उभी करून खाली उतरला. बिल्डरच्या जागेवर उभा असतो तोच, गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट. हसत हसत काहीतरी बोलला. आग्नेस थोडकंच बोलली. जाता जाता तो मोठ्याने म्हणाला, “कळवा मग.” पास्कलच्या कानावर आलं ते तेवढंच.

सापडली. उठून तिथेच विचारावं असं एकदा मनात आलं. पण आग्नेसवर असा आळ घ्यायचा तर हातात काही घट्ट हवं. पाया न बघता भिंत चढवायची त्याला सवय नव्हती. त्या संध्याकाळी अँजेलिनाने विचारलं तर म्हणाला, “झोपते ती. तू म्हनालीस तेच.”

तिसऱ्या दुपारी पांढरे बूट आले नाहीत. नंतरही आले नाहीत. आग्नेस येत राहिली, म्हणून पास्कलही येत राहिला. पण माणसाच्या पाठीकडे किती वेळ बघणार? त्याची नजर पाण्यावर गेली. बावखल त्याने किती वर्षांत असं पाहिलंच नव्हतं. त्याच्यासाठी काठी खाल्ली होती, पोलीस चौकीत बसला होता, पण इथे येऊन थांबला नव्हता. पाणी खाली गेलेलं, हिरवं, कडेला तडकलेला चिखल. एक खंड्या समोरच्या फांदीवरून सूर मारायचा आणि रिकाम्या चोचीने परत यायचा. बिल्डर म्हणतो खड्डा. आणखी थोड्या दिवसांनी तो खोटं बोलत नसणार.

असं का झालं असेल, हा प्रश्न केळीत बसल्या बसल्या त्याला पडला. एरवी पडला नसता. एरवी त्याच्याजवळ बांबू असायचे.

वरच्या वाड्यांतला पाझर एका दगडी नालीतून बावखलात उतरतो. त्या नालीच्या तोंडाशी निळं काहीतरी गुंडाळून अडकलं होतं. पास्कल बघत राहिला. फ्लेक्स होता. मागे पालापाचोळा आणि गाळ दाबून बसलेला, वर अर्धी घोषणा दिसत होती, “वाचवा”. कोपऱ्यात नायलॉनच्या दोरीचा तुकडा होता आणि त्याला दुहेरी गाठ. ती गाठ त्याची. गावात दुसरं कोणी तशी मारत नाही. मोर्चा झाला की फलक लोक लाकडांवर झाकायला नेत, वारा सुटला की उडत, आणि कुठे जातात हे कोणी बघितलं नव्हतं. पाझर मागे तुंबून दुसऱ्याच वाटेने रस्त्याच्या गटाराला मिळत होता.

भिंतीचा थर झाला की गवंडी मागे सरकतो. एक डोळा मिटून बघतो. बघणाऱ्याला ते रिकामं उभं राहणं वाटतं, पण मागे न सरकता जो बांधत सुटतो त्याची भिंत फुगते. पास्कलने कामावर हे कधी चुकवलं नव्हतं. चळवळीत एकदाही केलं नव्हतं. एक मोर्चा संपला की पुढच्याचे बांबू. याआधी दोन वेळा साहेब आले होते. दोन्ही वेळा घोषणा ऐकून पोलिसांच्या मागे रस्त्यावरच उभे राहिले, सह्या केल्या आणि गाडीत बसले. साहेबांना पळवलं म्हणून तेव्हा पास्कलने मिशीला पीळ दिला होता. पाण्यापर्यंत एकही साहेब उतरला नव्हता.

मोर्चा नको, हे आग्नेसचं म्हणणं त्याला पटायला लागलं. आग्नेस मात्र पटेना. “कळवा मग” हे दोन शब्द खड्यासारखे बोचत राहिले.

रविवारी मिस्सा झाल्यावर सगळे ओटीवर जमले. पास्कल तोंड उघडणार, तेवढ्यात हरेश्वर म्हणाला, “आधी मला एक विचारायचंय. पास्कल, तू दुपारी कुठे असतोस?”

“का?”

“जेवन झालं की वाडीत घुसतोस. बाहेर येतोस तो लेंग्याला चिखल. फोन लावावा तर बंद. तो पांढऱ्या बुटांवाला पन त्याच बाजूने बाहेर पडला. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

“बसलो होतो.”

“कुठे?”

“केळीत.”

“काय करत होतास?”

“बसलो होतो म्हनतोय ना.”

ओटीवर हशा उसळला. मागून कोणीतरी म्हणालं, “अरे, हा मिस्सालासुद्धा उभा असतो.” हरेश्वरचा चेहरा ढळला नाही. “पास्कल, मांडवली केली असशील तर आता सांग. उद्या कळलं तर मी तुझ्या दारावरून जानार नाही.”

पास्कलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर घाम गाळलेल्या माणसाला हा प्रश्न. आणि उत्तर खरं असून कोणाला पटण्यासारखं नाही. सुटायची एकच वाट होती, ती आग्नेसवरून जात होती. त्याने तिच्याकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

“आग्नेसवर नजर ठेवत होतो,” तो म्हणाला. “मोर्चा नको म्हनाली म्हनून. ती रोज बावखलावर जाऊन बसते.”

आग्नेसने मान वर केली. “म्हनजे खोकला तुझाच होता.”

“तुला माहीत होतं?”

“चप्पल दिसली तुझी. मला वाटलं, त्या पांढऱ्या बुटांवाल्याने तुला माझ्या पाळतीवर बसवलंय. म्हनून मी कोनाकडे बोलले नाही.”

“माझ्यावर संशय घेतलास?” हे पास्कलला खरंच लागलं.

“तू केळीत माझी आरती करायला बसला होतास काय?”

“तो काय म्हनाला ते सांग. कळवा मग म्हनाला, ते मी ऐकलंय.”

“मोर्चा दनक्यात काढा म्हनाला. मानसं कमी पडली तर कळवा, गाड्या भरून पाठवतो.” तिने सगळ्यांकडे बघितलं. “मागच्या दोन्ही वेळा काय झालं ते आठवत मी तिथे बसत होते. ओरडन्यात मीच पुढे होते, आनि त्या ओरडन्याआड साहेब रस्त्यावरून परत गेले. मोर्च्यात हे कधी सुचलं नाही. मोर्च्यात काही सुचतच नाही. तो मानूस आला आनि माझी खात्री झाली.”

“हे सगळं तू सांगतेस,” हरेश्वर म्हणाला. “तो असंच बोलला कशावरून?”

“कशावरूनच नाही.”

पास्कल उठला. “तिचं खरं-खोटं नंतर करा. फावडी, घमेली घ्या आनि चला. पानी कुठे अडलंय ते दाखवतो. ते तरी कोनाच्या सांगन्यावर नाही.”

सगळे आले असं नाही. जे आले ते अंधार पडेपर्यंत राबले. पास्कल कंबरभर गाळात उतरला, अँजेलिना काठावरून त्याला आणि त्याच्या गुडघ्यांना शिव्या घालत घमेली घेत राहिली. फ्लेक्स एक नव्हता, एकात एक गुंतलेले कितीतरी होते. एक ओढून पसरला तर चिखलातून आग्नेसचा फोटो वर आला, मूठ उगारलेला.

“बाय, तू तर इथे कधीची बसलीयस,” हरेश्वर म्हणाला. त्या दिवसात तो पहिल्यांदा हसला.

नाली मोकळी झाली तेव्हा आधी काळा लोट आला, मग बारीक धार लागली. सोमवारी सकाळी बावखल काही भरलं नव्हतं. पण धार चालू होती आणि तिचा आवाज येत होता.

पोलीस आले, पण त्यांनी अडवावं असं समोर कोणी नव्हतं. साहेबांनी विचारलं, मोर्चा कुठे आहे? हरेश्वरने नालीकडे बोट दाखवलं. साहेब विजार सावरत पायऱ्या उतरले, धारेखाली हात धरला, काठी बुडवून खोली बघितली आणि लिहून घेतलं. पास्कलने ते वाचून दाखवायला लावलं, मग पुन्हा एकदा लावलं. जिवंत पाझर असलेला पाणीसाठा. बुजवू नये. पांढरे बूट वर रस्त्यावर होते, ते खाली उतरले नाहीत.

लोकांनी पास्कलच्या पाठीवर थाप मारली. तो म्हणाला, “हाताने लिहिलेलं बदलतं. छापून येईस्तोवर मी मानत नाही.”

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने घरातला एक पाट काढला. आग्नेस चौथऱ्याच्या एका अंगाला, पास्कल दुसऱ्या अंगाला. त्यांनी एकमेकांना माफ केलं असं कोणी समजू नये. ते तर बोललेसुद्धा नाहीत. धारेचा आवाज होता, खंड्या फांदीवर होता.

बऱ्याच वेळाने मागे केळीची पानं हलली. वारा नव्हता. आग्नेसने मान न वळवता विचारलं, “कोन?”

पास्कलने हवा हुंगली. “हरेश्वर. त्याच्या बिडीचा वास आहे.”

“हाक मारू?”

पास्कलने जरा विचार केला.

“नको,” तो म्हणाला. “बसू दे.”